बटरचा भाव

चीनमधल्या कुनमिंग शहरात भाजीबाजारामागे फान सूयूनचं परदेशी वाणसामानाचं दुकान होतं. चीजच्या नुसत्या वासानं तिला मळमळायचं, पण गोऱ्यांचा त्यावर जीव. भाव ऐकून सगळेच कुरकुरायचे आणि घेऊन जायचे. त्यांत शाळेत शिकवणारा माटेओ सगळ्यांत खमक्या. दर शनिवारी बटरचं पाकीट उलटंपालटं करून तो विचारायचा, "मावशी, गाय विमानानं आणली का?"

"हो, खिडकीजवळ बसवून आणली. परवडत नसेल तर डुकराची चरबी लाव पावाला."

मग बराच वेळ हुज्जत चालायची. सूयून एक पैसा कमी करायची नाही, पण जाताना त्याच्या पिशवीत मूठभर भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया टाकायची.

त्या शनिवारी माटेओनं पाकीट घेतलं, मुकाट्यानं पैसे ठेवले आणि तसाच उभा राहिला.

सूयूननं पैशांना हात लावला नाही. इतक्या वर्षांच्या धंद्यात तिला एक कळलं होतं. ज्याला इथं राहायचं असतं, तोच भावावरून भांडतो.

"विमान कधीचं आहे?" तिनं विचारलं.

"मंगळवारचं."

"मग आज तरी भांड की मेल्या," ती म्हणाली. "एवढ्या पैशांत अख्खी गाय येते, म्हण."