परकोटातला चहा

बडनेऱ्याला गाडी बदलून मी अमरावतीच्या छोट्या गाडीत बसले तेव्हा नाताळच्या सुट्टीतली झोंबरी थंडी होती. पुण्याहून निघताना वहिनीने दशम्या बांधून दिल्या होत्या आणि बाहेरचे काही खायचे नाही, असे बजावलेही होते. दशम्या भुसावळलाच संपल्या. त्यानंतर मी जे खाल्ले ते सगळे बाहेरचे, आणि ते मी इथे लपवणार नाही.

स्टेशनावर वेणू आली होती. शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात आम्ही दोन वर्षे एका खोलीत राहिलो. ती इथल्या माळ्यांच्या घरची. गावाबाहेर त्यांचा संत्र्यांचा मळा आहे आणि तिची आई काशीबाई स्वतः बाजारात बसून फळे विकते. वेणू त्या घरातली पहिली शिकलेली मुलगी. मुलींच्या शाळेत शिकवते, पण माझ्याशी मुद्दाम वऱ्हाडीच बोलते. "पुन्यात दोन वर्सं तुमचं बोलली, आता तू आमचं आयक," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, आम्ही परकोटाच्या (जुन्या शहराच्या दगडी तटाच्या) आत गेलो. कापसाचे दिवस असल्याने बाजार फुलला होता. अत्तरवाले, जरीच्या टोप्या, भाजलेल्या शेंगांचा धूर, आणि या साऱ्यातून घंटा वाजवत वाट काढणारे टांगे. बांगड्यांच्या दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी माझा हात दाबून पाहिला आणि "हात नाजूक, मगर हड्डी सख्त" असा निकाल दिला. हिरव्या बांगड्या भरता भरता दोन फुटल्या, एक मला लागली. वेणू हसत सुटली.

भूक लागली होती. कोपऱ्यावर नामदेवरावांचे हॉटेल होते. आत चार बाक, दोन मेजे, आणि दारातच कढई. सांबारवडी (सांबार म्हणजे कोथिंबीर) तळली जात होती आणि तिचा वास रस्ताभर पसरला होता. आम्ही आत शिरून पुढच्या बाकावर बसलो. नामदेवराव झारा ठेवून आले.

"बाई, तुमी मांगं परद्याआड बसा. इथं मानसं बसतेत."

"मंग आमी का जनावरं आहो?" वेणूने विचारले.

"तसं नाई म्हनत मी. लोकं नावं ठेवतीन."

"ठेवू दे. तू वड्या ठेव."

ते कढईकडे वळले. वड्या आल्या, त्यांच्यावर गरम कढी, मग बशीत सांडेपर्यंत भरलेला चहा. इतके स्वस्त आणि इतके चविष्ट मी क्वचितच खाल्ले आहे. समोरच्या पानाच्या दुकानापाशी एक गृहस्थ आमच्याकडे रोखून पाहत होते. ते वेणूच्या शाळेच्या मंडळावरचे वकील होते. वेणूने त्यांना नमस्कार केला आणि बशी तोंडाला लावली. मी मात्र पदर कपाळावर ओढून मान खाली घातली.

सकाळी शाळेचा शिपाई मंडळाची चिठ्ठी घेऊन घरी आला. शिक्षिकेने हॉटेलात पुरुषांच्या बरोबरीने बसणे शाळेच्या लौकिकाला बाधक आहे. तिने लेखी माफी मागून पुन्हा न जाण्याची हमी द्यावी, नाहीतर नोकरीचा विचार करावा लागेल. काशीबाईंना वाचता येत नाही. वेणूने चिठ्ठी मोठ्याने वाचली. काशीबाई टोपलीत संत्री रचत होत्या. त्यांचे हात थांबले.

"तीस वर्सं मी त्या बाजारात बसून राहिली," त्या म्हणाल्या. "घसा सुकला त हॉटेलाच्या मागं उभी राहून चहा पेली. मले कोनी कदी म्हटलं नाई, काशी, बस." मग त्यांनी पुन्हा टोपली भरायला घेतली.

त्याच दिवशी अकोल्याला वेणूच्या मावशीकडे जायचे आधीच ठरले होते. मला वाटले, आता ती येणार नाही. ती आली. मोर्णा नदीच्या काठी जुन्या शहराजवळ तंबूतला सिनेमा लागला होता. बायका कनातीच्या एका बाजूला सतरंजीवर बसल्या होत्या. मध्येच फिल्म तुटली, तेव्हा पुरुषांनी शिट्ट्या मारल्या आणि मग आमच्या बाजूच्या एका बाईनेही मारली, त्यांच्यापेक्षा लांब. बाहेर आलो तर माझ्या चपला गायब. अनवाणी चालताना मी वेणूला म्हटले, "काल तू मान वर ठेवलीस आणि मी पदर ओढला."

"मले दिसलं," ती म्हणाली. "पाहुनी म्हनून गप बसली."

एवढेच. पण ते मला काट्याखड्यांपेक्षा जास्त टोचले.

त्याच रात्री मावशीच्या कंदिलाशी बसून तिने उत्तर लिहिले, तेही अगदी शुद्ध मराठीत: "मी हॉटेलात बसून चहा घेतला. माफी मागण्यासारखे काही केलेले नाही. शनिवारी पुन्हा जाणार आहे."

शनिवारी आम्ही अमरावतीला परतलो, वेणूने आईला उत्तर सांगितले आणि संध्याकाळी आम्ही हॉटेलात गेलो. हॉटेलाच्या दारात काशीबाई उभ्या होत्या, बरोबर बाजारातल्या चार बायका. कोणी भाजी विकणारी, कोणी फुले. टोपल्या बाहेर ठेवून सगळ्या पुढच्या दोन बाकांवर बसल्या. काशीबाई आधी बाकाच्या कडेलाच टेकल्या, मग मागे सरकून नीट बसल्या.

"नामदेवा, सात चहा."

नामदेवरावांनी फडक्याने मेज पुसले आणि चहा आणला.

वकीलसाहेब या वेळी आत आले. वेणूकडे न पाहता मला म्हणाले, "आपण पुण्याच्या ना? तिथे चालतं का हे असं?"

"नाही चालत," मी म्हटले. पदर खांद्यावर होता, तिथेच राहू दिला. "तिथेही सुरू करायचं आहे."

ते गेले. फुलवाल्या बाईने तोपर्यंत दुसरा चहा मागवला होता.

याचा शेवट गोड झाला असे मी लिहिणार नाही. महिनाभरात वेणूला शाळेतून काढले. चार महिने ती आईशेजारी बाजारात बसली. मग अकोल्याच्या एका शाळेत तिला जागा मिळाली. पत्रात तिने कुठेही हळहळ लिहिलेली नाही. बाजारातल्या बाया आता तिच्याशिवायही बाकावर बसतात, एवढे मात्र लिहिले आहे.

इथे पुण्यात लोक मला विचारतात, वऱ्हाडात काय पाहिलेस? देवळे किती, धबधबे किती? मी बाजार पाहिला, सिनेमा पाहिला, पोटभर खाल्ले, आणि मैत्रिणीची नोकरी गेली ती मी तिच्याबरोबर बसले होते त्या बाकामुळेच. त्यात तिची चूक होती, असे मला कोणी पटवू नये.

पुण्यात परतल्यावर पहिल्याच रविवारी मी माझ्या शाळेजवळच्या हॉटेलात गेले. एकटी. मालकाने बोटाने पडदा दाखवला. मी दाराजवळच्या मेजाशी बसले. चहा यायला बराच वेळ लागला, पण आला.