मुश्ताक गाडी चालवतो

बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि वर दोन पेले ताक एवढं पोटात गेल्यावर भर दुपारी कुणी जागं राहील, अशी आशा धरू नये. कच्छमधल्या या रस्त्याकडेच्या खानावळीच्या अंगणात कडुनिंब आहे, कडुनिंबाखाली खाट आहे आणि खाटेवर विश्राम तळेकर आडवा झाला आहे. समोर त्याची मोटारसायकल उभी आहे. तासगावहून इथवर तो एकटाच आला आहे, साठी ओलांडलेला चित्रकलेचा मास्तर. आत्ताच त्यानं बायकोला फोन केला.

"उद्या परत फिरतो गं. कोटेश्वर राहू दे."

"अहो, एवढं लांब गेलात, आणि आता दाराशी येऊन मागं फिरणार?"

"एकट्यानं तिथला समुद्र बघून काय करू?"

तिला माहीत आहे. वीसएक वर्षांत विश्राम एकटा कुठं गेलाच नाही. हंपी असो, कन्याकुमारी असो, मागच्या सीटवर मुश्ताक पटवेकर असायचाच. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा, गाडी चालवायचं नाव काढलं की हात जोडणारा आणि रस्ता अगदी छातीठोकपणे चुकीचा सांगणारा. कच्छचंही दोघांनीच ठरवलं होतं. गेल्या हिवाळ्यात बँडच्या तालमीत मुश्ताक बसल्या जागी गेला. तेव्हापासून विश्रामला हसताना कुणी पाहिलेलं नाही.

लांबवर एक ट्रक गिअर बदलतो. पानांची सावली पापण्यांवर हलते, थांबते, पुन्हा हलते. कुणीतरी खाटेच्या पायाला बुटानं ठोकतं.

"मास्तर, ऊठ की. लोळायला आलास व्हय कच्छात?"

मुश्ताक उभा आहे. अंगात बँडचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, दाढी गुळगुळीत.

"आज कुणाचं लगीन?" विश्राम विचारतो. दुसरं काही त्याला सुचतच नाही.

"कुणाचं न्हाई. हाच हाताला लागला. किल्ली दे."

"तुला?"

"मग कुणाला? तू मागं बस."

"आरं, तुला चालवता कुठं येतंय?"

"शिकलो तिकडं."

"शिकवलं कुणी?"

"सासूनं."

"तुझी सासू? ती तर जाईपर्यंत काठीशिवाय उठत नव्हती!"

"आता काय सांगू तुला," मुश्ताक गाडीला किक मारतो. "हात सोडून चालवती."

विश्राम मागं बसतो. मागून जग वेगळंच दिसतं. पुढं लाल कोटाची पाठ आणि दोन्ही बाजूंनी पळणारं पांढरं, सपाट, मिठाचं रान. मुश्ताक झकास चालवतो. वळण आलं की आधी हॉर्न वाजवतो, मग सरळच जातो.

मिठावर बाकं दिसायला लागतात. हा तर शाळेचा व्हरांडा. सातवीची पोरं खाली माना घालून मडक्याचं चित्र काढतायत. गाडी मधून जाते, तरी एकही मान वर होत नाही.

"शिस्त हाय तुझ्या वर्गात," मुश्ताक म्हणतो.

"कधीच नव्हती."

उजवीकडं हंपीचे दगड. त्या दगडांना वळसा घातला की मुश्ताकच्याच घरचं स्वयंपाकघर. रेहानाभाभी पाटावर बसून कांदा चिरतायत. गाडीचा आवाज झाला तशा त्या वर न बघताच पाट थोडा बाजूला ओढतात, वाट करून देतात. इथं मात्र मुश्ताक गाडी अगदी हळू करतो.

"कशी हाय?"

"बरी आहे. थोरल्या लेकीकडं जाऊन आली चार दिवस. मी निघताना चिवडा दिला डबा भरून."

"मला ठेवलास?"

"साताऱ्याच्या आत संपला."

"वाटलंच." मुश्ताक मान मागं वळवून तिच्याकडं बघत राहतो. गाडी आपली सरळ चालते. "मीठ जास्त घालती का अजून?"

"हो."

"मग बरी हाय."

स्वयंपाकघराचं मागचं दार उघडंच आहे. त्यातून बाहेर पडलं की घाट. थंड वारा. विश्राम इतके महिने मनात ठेवलेलं विचारतो.

"दुखलं का रे? त्या दिवशी?"

"न्हाई रं. वरचा सूर घ्यायचा होता. पोट भरून श्वास घेतला आणि फुंकायचा राहून गेला, एवढंच. सूर अजून माझ्यापाशीच हाय."

"मी उद्या परत निघालोय, मुश्ताक."

"का?"

"कंटाळा आला एकट्याला."

मुश्ताक गाडी थांबवतो. पुढं तिठा आहे. एक फाटा समुद्राकडं जातो, हे पाटीवर ठसठशीत लिहिलंय.

"एवढी वर्षं मागं बसून मी करत काय होतो, सांग बरं?"

"चुकीचे रस्ते दाखवत होतास."

"आणि तू?"

"तुझं ऐकत होतो."

"मग चुकायला कुणी न्हाई म्हणून रडतोयस व्हय!" मुश्ताक हात उंच करून, पाटीच्या बरोबर उलट दिशेला, ठामपणे बोट दाखवतो. "समुद्र तिकडं. डोळं झाकून जा."

आधी विश्रामला वाटतं रडू येतंय. पण येतं ते हसू. खो खो, ठसका लागेपर्यंत, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत. मुश्ताकही हसतो, कोटाच्या झालरी हलतात, पाटी हलते, तिठा हलतो.

खाट हलते.

खानावळीची मालकीण हातात चहाची बशी धरून उभी आहे, तोंडाला पदर लावून.

"भाई, आप तो नींद में हसते थे! इतना जोर से? मेरी गाय भी उठ गई."

खरंच गाय उभी आहे आणि त्याच्याकडं रोखून बघते आहे. विश्राम डोळे पुसतो, बशीतला चहा घेतो, आणि चहा घेतानाच पुन्हा फिसकन हसतो.

मग तो गाडीपाशी जातो. किल्ली त्याच्याच खिशात आहे. गाडी जिथं लावली तिथंच आहे. फक्त मागं बसणाऱ्याचे दोन्ही फूटरेस्ट खाली पडलेत. तासगावहून निघताना ते आत दुमडलेले होते. वाटेत मागं कुणी बसलेलं नाही, सामानही टाकीवरच बांधलेलं.

तो वाकून एक फूटरेस्ट बोटानं वर करतो. मग पुन्हा खाली सोडतो, तसाच राहू देतो.

"वापस जाते हो?" मालकीण विचारते.

"नहीं. कोटेश्वर."

गाडीवर बसताना माणूस पाय मागून टाकतो. विश्राम थांबतो, टाकीवरची बॅग जरा पुढं सरकवतो आणि दुखऱ्या कंबरेनं, कण्हत, पाय पुढून टाकून बसतो. मागच्याला लागू नये म्हणून.