केसरीनाथने पोस्टाने बोलावलेली सभा

काल्हेरच्या केसरीनाथला सभा भरवायला लागून बारा वर्षं झाली, पण त्याच्या कामाला कोणी नाव असं काही दिलं नव्हतं. भिवंडीत यंत्रमागवाल्यांची एक संस्था होती, तिथे तो रोजंदारीवर. सतरंज्या अंथरणं, माइकवाल्याला धरून आणणं, भज्यांचा घाणा वेळेवर निघतोय ना ते बघणं, सगळं हाच करायचा. बांधावरून भांडलेले दोन सख्खे भाऊ बारा वर्षांत त्याने एकदाही एका रांगेत बसू दिले नाहीत. आता असल्या हुशारीचं सर्टिफिकेट कुठे मिळतं?

सभेच्या आधी आठ दिवस तो सायकल काढायचा. काल्हेर, मानकोली, पुढची गावं. प्रत्येक सभासदाच्या ओटीवर बसायचं, घरातल्या म्हातारीचे गुडघे ऐकून घ्यायचे, चहा प्यायचा आणि उठता उठता सांगायचं की रविवारी दहाला या, ठराव वाचला की हात वर करा. हे आवतान. लग्न असो नाहीतर सभा, माणूस दारात आला तर ते बोलावणं, नाहीतर नाही.

एक्क्याण्णव साली चेअरमन दौलतशेठ त्याला म्हणाले, संस्थेला कायमचा व्यवस्थापक नेमायचाय, यंदाची वार्षिक सभा झकास करून दाखव, जागा तुझी. केसरीनाथ अडतिशीचा, दहावी नापास. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं. त्याने ठाण्याला जाऊन तीन रविवार सभा-संयोजनाचा वर्ग केला, वहीला कव्हर घालून. तिथले टायवाले सर म्हणाले, निमंत्रण छापील हवं, पंधरा दिवस आधी हवं, आणि दारोदार हिंडणं हे शिपायाचं काम, व्यवस्थापकाचं नाही. बाकीचं तो विसरला असता, हे एवढं काळजात जाऊन बसलं.

कार्डं छापली, पोस्टात पडली. सभासदांच्या छातीवर लावायला नावांचे बिल्लेही झाले. त्याची आई ठकुबाई जवळा निवडत बसली होती.

"पोस्टमन कवापासून आवतान द्यायला लागला?" तिने विचारलं.

"आई, शिकल्यासवरल्या माणसांत असंच असतं."

"मंग येनारी मानसं शिकलेली हायत का?"

तो बिल्ले मोजायला लागला. शनिवारी मात्र त्याने सायकल रस्त्यापर्यंत नेली, थोडा वेळ तिथेच उभा राहिला आणि परत आणून भिंतीला लावली.

शंभर सभासद असल्याशिवाय सभा भरायची नाही, असा संस्थेचा नियम. रविवारी साडेदहाला चौतीस जण होते, तेही शहरातलेच. टेबलावर बिल्ले ओळीत मांडून ठेवलेले. दौलतशेठ स्टेजवर मान पुसत बसले आणि अकराला सभा तहकूब झाली.

केसरीनाथ तडक काल्हेरला लडकूतात्याकडे गेला. म्हातारा धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, असा तयार होऊन ओटीवर बसला होता.

"पत्र न्हाय मिळालं, तात्या?"

"मिळालं तर. नातवानं वाचून दावलं. चांगलं छापलंय."

"मग?"

"तुझी वाट बघत होतो. बारा वर्सं येतोस, औंदा न्हाय आलास. वाटलं, आमचंच कायतरी चुकलं."

पुढच्या रविवारी सभा परत ठेवली. मधला आठवडाभर केसरीनाथ सायकलवर. एकशेसाठ माणसं आली. सभा झकास झाली, भजीसुद्धा गरम होती. आणि पहिलाच ठराव आला, की दौलतशेठच्या भाच्याला, बी.कॉम. झालेल्याला, व्यवस्थापक नेमावं. शिकवल्याप्रमाणे सगळ्यांनी हात वर केले. लडकूतात्याने तर दोन्ही केले. केसरीनाथचंच काहीतरी भलं होतंय, असं त्याला वाटलं.

दौलतशेठ नंतर म्हणाले, तुझ्यावाचून संस्थेचं पान हलत नाही, म्हणून तर तू आहेस तिथेच बरा. हे त्यांनी मनापासून म्हटलं, हे आणखी वाईट.

वर्गाची वही भाच्याने वाचायला नेली, ती काही परत आली नाही. केसरीनाथ पुढे नव्वदचं दशक संपेपर्यंत रोजंदारीवरच राहिला. दरवर्षी आवतान द्यायला जायचा, पण ओटीवर बसणं सोडलं. सायकलवरून एक पाय टेकवून सांगायचा, रविवारी दहाला.

"चाय तरी पी रं," लडकूतात्या म्हणायचा.

"ड्युटीवर हाय, तात्या," म्हणायचा आणि पुढच्या दाराला जायचा.