हाताने लावलेले बोल्ट

यशवंता मोअरखाली पाठीवर पडला होता आणि मी शेजारी उकिडवा बसून त्याला बोल्ट देत होतो. मोअर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं गवत कापायचं मशीन. ट्रॅक्टरच्या मागून एक फिरता दांडा निघतो, त्याला आम्ही पीटीओ म्हणतो. त्याच्या जोरावर मोअरची तबकडी गरगर फिरते, आणि तबकडीला पाती बोल्टने बसवलेली असतात.

मी मुरबाडच्या एका ट्रॅक्टर वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो. गोष्ट दोन हजार सालानंतरची. यशवंताचं घर वैशाखरे गावाच्या अलीकडे. दसरा झाला की माळावरचं गवत कापायची एकच घाई उडते, आणि तेव्हा मेकॅनिक मिळायला चार-चार दिवस लागत. म्हणून पाती काढणं, धार लावणं, ग्रीस भरणं मी त्याला घरीच शिकवलं होतं. आमच्या मॅनेजरला ते अजिबात आवडत नसे.

"गिऱ्हाईक सगळं घरी करायला लागलं, तर आपण काय माशा मारायच्या?"

"साहेब, तो हुशार आहे. चुकायचा नाही."

खरंच हुशार होता. मशीन जॅकवर उचललं तरी खाली लाकडी ठोकळे दिल्याशिवाय आत डोकं घालत नसे. माझ्यापेक्षा धारही बरी लावायचा.

तो दिवस खंडेनवमीचा. मी शहापूरला बहिणीकडे निघालो होतो, वाट वाकडी करून सहज डोकावलो. यशवंताने सगळी पाती जागेवर बसवली, बोल्ट हाताने फिरवून लावले आणि पाना घ्यायला हात बाहेर काढला. पाना तिथे नव्हता. सुमनवहिनींनी, त्याच्या बायकोने, पाने, हातोडी, कोयते सगळं धुऊन पाटावर मांडलं होतं. हळद-कुंकू वाहून झालं होतं, झेंडूही ठेवला होता.

"अगो, काम व्हायचंय अजून!" यशवंता खालून ओरडला.

"आता नाय उचलायचं. उद्या पूजा हलवली का मंग घ्या," वहिनी म्हणाल्या. "सकाळपास्नं सांगतंय, आटपा म्हणून."

पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत कोणी उचलत नाही. आमच्या वर्कशॉपमध्येही नाही. यशवंताने माझ्याकडे पाहिलं. "काय मिस्त्री?"

"राहू दे," मी म्हणालो. "उद्या आवळ. विसरू नको."

माझ्या मोटरसायकलच्या डिकीत त्याच मापाचा पाना होता. तो कुठल्याही पाटावर बसलेला नव्हता. दहा मिनिटांचं काम. पण वहिनींनी चहा आणला होता, मला उशीर होत होता आणि हात पुन्हा काळे करायचा कंटाळा आला होता. घरच्या पूजेचा मान राखला, असं मी मनाशी म्हटलं. शुद्ध आळस होता तो.

दुसऱ्या दिवशी सण, पाहुणे, सोनं वाटणं. तिसऱ्या दिवशी सकाळी यशवंताने ट्रॅक्टर काढला. बोल्ट त्याच्या डोक्यातून साफ गेले होते. दुसऱ्याच फेरीला एक पातं सुटलं. मागे वहिनी गवत गोळा करत होत्या. पातं त्यांच्या घोट्यावर बसलं.

पाय वाचला, पण घोटा कायमचा आखडला. त्यानंतर त्यांना लावणीला चिखलात उतरता आलं नाही.

मॅनेजरने मला बोलावलं. "ते मशीन तू उघडलं होतंस?"

"नाही साहेब. सर्व्हिस त्यांनी घरीच केली होती."

शब्दन् शब्द खरा होता. त्याची मला आजही लाज वाटते.

गावात बोललं गेलं की बाईने पूजेची घाई केली म्हणून हे झालं. यशवंता काही बोलला नाही. मीही नाही. वहिनींनी त्यानंतर हत्यारांची पूजा मांडणं सोडून दिलं, हे मला कळलं होतं. तरी मी गप्पच.

रिटायर झाल्यावर एकदा गेलो. वहिनी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. यशवंता शेतावर होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, डिकीतल्या पान्यासकट.

त्यांचा हात सुपातच थांबला.

"पायाचं जाऊ द्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "पन इतकी वर्सं मना वाटत व्हतं, माझ्याच हातानं झालं. देवासमोर हात जोडतानापन तेच यायचं मनात. तुमी येत-जात व्हतात. एकदा तरी बोलायचं व्हतं."

त्यांनी मला बसा म्हटलं नाही, आणि मीही बसलो नाही.

वर्कशॉपमधल्या नव्या पोरांना मी सांगत असे की हाताने लावलेला बोल्ट हा लावलेला धरायचा नाही. ते खरं आहे. पण बोल्ट दुसऱ्या दिवशीही आवळता आला असता, आणि दोष पूजेचा नव्हता हे वहिनींना सांगायला मात्र मी पंधरा वर्षं लावली.