काचेवरचं कुंकू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. तोंडाने सांगायला जमतच नाही — चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण लिहिता येतं. म्हणून तुला लिहून सांगते. तू कोण ते मला माहीत नाही. तेच बरं आहे.

अंबडला एका कंपनीत मी झाकणं तपासायला होते. पाण्याच्या बाटलीचं झाकण पहिल्यांदा फिरवलं की कट् असा आवाज होतो आणि खालची रिंग सुटते — माहीत आहे ना? रिंग आधीच सुटलेली असली तर बाटली कुणीतरी उघडलेली, असं समजायचं. ती रिंग एका मशीनवर पात्याने कापली जायची, पण पूर्ण नाही, मध्ये न कापलेले बारीक टाके ठेवून. दुसऱ्या मशीनवर तिची कड आत दुमडायची. मग झाकणं आमच्या टेबलावर. तुटलेला टाका, जाड राहिलेला टाका आम्ही बायका बघून बाजूला काढायचो. दिवसभर संशयानेच बघायचं. मला ती सवय तिथे लागली म्हणू का? नको. ती आधीपासूनच होती.

मला त्या कंपनीत आणलं सुनंदाताईने. आमच्या इंदिरानगरच्या खोलीच्या मागे राहायची. माझी सुट्टी तीच मागायची, सुपरवायझर ओरडला तर माझ्या वतीने तीच बोलायची. "हिच्या तोंडाला पण रिंग लावलीय, कुणी फिरवल्याशिवाय उघडत नाय," म्हणायची, आणि सगळं टेबल हसायचं. मीही हसायचे. पण मनात यायचं — ही मला हसण्यावारी का नेते?

मग नवी मशीन आली. कापणं, दुमडणं, तपासणं, सगळं तिच्या एकटीच्या पोटात. एका बाजूने साधं झाकण आत, दुसऱ्या बाजूने तयार बाहेर. मध्ये एक लहान कॅमेरा, त्यावर पत्र्याची झडप. टाका चुकला की कॅमेरा बघायचा आणि वाऱ्याच्या फटक्याने झाकण खालच्या पेटीत उडायचं. आमच्या टेबलाची गरजच उरली नाही. ठेकेदाराने सांगितलं, मशीनवर एकच बाई राहील. बाकीच्यांनी तोवर जुन्या मशीनचा माल तपासायचा, पुढचं नंतर बघू.

ती एक बाई म्हणजे सुनंदाताई.

तिचा हात चांगला होता, न घाबरता विचारायची, म्हणून तिला घेतलं. हे आज लिहिते. तेव्हा मला काय दिसलं? ती सुपरवायझरच्या केबिनमध्ये उभी होती, हसत होती. काचेतून तिने माझ्याकडे बघितलं. माझ्याबद्दलच बोलली असेल, नाहीतर बघायचं कशाला? त्या दिवसापासून मी तिच्या प्रत्येक गोष्टीत काहीतरी शोधायला लागले. डब्यातली भाजी जास्त वाढली तरी वाटायचं, हिला आता माझी कीव येते. त्या कॅमेऱ्याचाही मला संशय होता. झाकणं बघायला एवढी महागाची काच कशाला? आमच्यावरच नजर ठेवायला असेल, आणि ताईला ते ठाऊक असेल.

आणि ताई काय करत होती? मला मशीन शिकवत होती. जेवणाच्या सुट्टीत, कुणी नसताना. झडप कशी उचलायची, काच मऊ कापडाने कशी पुसायची. "तुला येत असंल तर मी साहेबाला सांगीन, दोघी लागतात म्हणून," ती म्हणाली होती. माझा विश्वास बसला नाही. शिकवायचं निमित्त करून ही मला जोखते आहे, असंच मी धरून बसले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कंपनीत मशीनची पूजा असते. सगळं बंद करून, धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून. नव्या मशीनची पूजा ताईने केली. नारळ फोडला, हळद-कुंकू लावलं, पुढच्या पत्र्यावर स्वस्तिक काढलं. मग सगळे पेढ्यांकडे गेले. मी मागे राहिले. ताट तिथेच होतं, कुंकू तेलात कालवलेलं.

मी झडप उचलली. बोट बुडवलं. काचेवर टेकवलं.

चुकून लागलं, असं तुला सांगू शकले असते. झडप चुकून उचलली जात नाही.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर मशीन सुरू झाली आणि चांगली झाकणं पेटीत उडायला लागली. ताईला वाटलं पातं खराब झालं. फिटरने पातं बदललं, मग दुमडायचा भाग खोलला. माल अडकला, गेटवर गाडी उभी राहिली. मी टेबलाशी उभी राहून बघत होते, आणि माझ्याकडे कुणी बघतंय का, तेही बघत होते. कुणीच बघत नव्हतं. माझ्यासारखीवर कोण संशय घेणार?

शेवटी पुण्याहून मशीनवाला माणूस आला. त्याने झडप उचलली, काच पुसली आणि कापड पुढे केलं — लाल. मालकाने एवढंच विचारलं, पूजा कुणी केली?

मी केली, ताई म्हणाली. पूजेनंतर, पेढ्यांकडे जायच्या आधी, नेहमीसारखी काच पुसल्याचं तिला आठवत होतं. तेव्हा हाताला कुंकू होतं की नव्हतं, ते आठवत नव्हतं. नळाशी ती माझ्याजवळ आली. कधी नव्हे तो तिचा आवाज बारीक झाला होता.

"कमल, तू तिथंच होतीस ना? माझ्याच हातनं लागलं असंल का गं?"

तिने दुसऱ्या कुणाला नाही, मला विचारलं. मी म्हणाले, "लागलं असेल, ताई."

दुसऱ्या दिवसापासून येऊ नको, असं ठेकेदाराने तिला सांगितलं. मशीन कुणाला येते, विचारलं तेव्हा मी हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न सांगता. आजही त्या मशीनवर मीच आहे. ताई आता सोसायट्यांचे जिने पुसते.

मागच्या आठवड्यात द्वारकाच्या चौकात बसची वाट बघत उभी होते, बरोबर कंपनीतली नवीन बाई होती. समोरून ताई आली. थकलीय. मला बघून तशीच हसली, आणि मला वाटलं — हिला कळलंय का? इतक्या वर्षांत प्रत्येक भेटीत मी तिचं तोंड असंच तपासते. नवी बाई मशीन शिकतेय कळल्यावर ताई तिला म्हणाली, "त्या आतल्या काचेला जप बरं का. माझ्या हातनं एकदा चूक झाली, लय नुकसान झालं लोकांचं. म्हणून सांगते." बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या तोंडावर काहीही लपवलेलं नव्हतं.

ती बाई माझ्याकडे वळली, खरं का म्हणून.

मी म्हणाले, "ताई सांगते ते ध्यानात ठेव."

मग बस आली आणि आम्ही चढलो.