बाबांच्या हत्तीची बगल

माझ्या लग्नात पत्रिका आडवी आली नाही, मातीचे शिपाई आले. साठ सालच्या आसपासची गोष्ट. आमच्या अमरावतीच्या घरी जे स्थळ येई, त्याला बाबा आधी युद्धाला बसवत. बाबा वकील. दिवसभर कोर्टात भांडून हौस फिटायची नाही, म्हणून घरी येऊन जुन्यापुराण्या राजांच्या लढाया लढायच्या. बैठकीतली सतरंजी गुंडाळायची आणि फरशीवर सैन्य मांडायचं. शिपाई मी घडवलेले. फुटक्या पाटीच्या तुकड्यावर चार चिकटवले की झाली तुकडी. हत्ती म्हणजे तान्ह्या पोळ्याला लहान मुलं मिरवतात ते लाकडी बैल. घरात मुलगा नाही, तरी बाबा दर पोळ्याला बैल आणत, आणि त्यांना कुणी बैल म्हटलं की चिडत.

कायदेही बाबांचेच. तुकडीच्या समोरची वीतभर जागा म्हणजे तिचा धाक. शत्रूच्या धाकात सापडलात की त्याच्याकडे तोंड करून उभं राहायचं, वळायचं नाही. अशा अडकलेल्याला दुसऱ्या कुणी बगलेवरून गाठलं की तो मेला. आता बगल कुठून धरायची? त्यासाठी बाबा सदऱ्यातून जानवं बाहेर ओढत आणि तुकडीच्या नाकाला लावून आडवं ताणत. दोऱ्याच्या मागून चालून आला तो बगलेवरून, पुढून आला तो समोरून. जानवं गळ्यातून काढायची तर सोय नाही. त्यामुळे प्रत्येक निकालाला एवढा नावाजलेला वकील फरशीवर पालथा.

आधीचं एक स्थळ मोठ्यांचा मान म्हणून मुद्दाम हरलं. बाबा म्हणाले, खोटारडा आहे, नको. दुसरा म्हणाला, हा पोरखेळ आहे. त्याला चहासुद्धा मिळाला नाही. आई बिचारी कपाळाला हात लावून बसली.

मग अकोल्याचा मुलगा आला. शाळेत शिक्षक, घरची शेती बार्शीटाकळीकडे. सोबत त्याची आई. मी रीतीप्रमाणे मान खाली घालून पोहे घेऊन गेले. मान खाली असल्यामुळे लढाई तेवढी स्वच्छ दिसत होती. त्यानं एका तुकडीनं बाबांचा सगळ्यात मोठा हत्ती समोरून अडकवून ठेवला होता, आणि दुसरी तुकडी हळूच वळसा घालून बाजूला आणली होती. मुलगा मला आवडला. उगाच कशाला लाजू, फार आवडला. हरला तर बाबा खोटारडा म्हणणार, जिंकला तर चिडणार; म्हणून हा हरूही नये आणि जिंकूही नये, असं मी देवाला सांगत होते. देवाला तरी ते कसं जमावं?

त्यानं माझ्या हातून बशी घेतली, आणि तेवढ्यात बाबांनी अंगठ्यानं हत्ती बाजूच्या तुकडीकडे वळवला.

मुलानं पाहिलं. "काका, हा माझ्या समोरच्या तुकडीच्या धाकात होता ना? मग इकडे तोंड करून काहून उभा आहे?"

"तो आधीपासून असाच आहे," बाबा म्हणाले, पालथे झाले आणि जानवं ताणलं. "बघा. तुमी समोरून आले. बगल नाही."

मुलानं बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "तुमी वडीलधारे. तुमी म्हणता तर तसंच असन."

बाबांचं तोंड लगेच कडू झालं. ते तोंड माझ्या ओळखीचं होतं. आता हाही मुद्दाम हरणाऱ्यांत जमा होणार आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार.

"बाबा, हत्ती तुम्ही वळवला," मी म्हणाले. "ते बशी घेत होते तेव्हा."

आईनं मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. मुलाची आई पदर सावरत उठली. "पोरगी लय बोलते बाई. आमच्या घरी असं चालत नाही."

संपलं सगळं, आणि संपवलंही मीच.

बाबा अजून पालथेच होते. ते सावकाश उठून बसले, जानवं आत सारलं. वरच्या कोर्टात हरले तरी हा माणूस घरी येऊन "न्यायाधीशाला समजलं नाही" म्हणायचा. आईशी भांडणातसुद्धा कधी माघार नाही.

"तिनं खरं सांगितलं," ते म्हणाले. "हत्ती मीच वळवला. बगलच होती, मी हरलो. आता माझी पोरगी खरं बोलते म्हणून नको असेल, तर पोहे खाऊन घ्या आणि खुशाल निघा."

मला रडू फुटलं. मान खाली घालायचं भान राहिलं नाही, तशीच बाबांकडे बघत राहिले.

"आई, बस," मुलगा म्हणाला. "मले पसंत आहे."

त्याची आई दारात उभी राहून एकदा मुलाकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मग परत येऊन फरशीजवळ बसली आणि पदर खोचला.

"मंग मांडा पुन्हा," ती बाबांना म्हणाली. "आता मी पाह्यते तुमी कसा वळवता ते."