ऑरिनच्या छपराची पाळी

लेलँड वाखोल्झ माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याला बरंच काही बोलणार आहे. आमच्या शेजारचं घर त्याचं, आणि बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, त्याच्या धाकट्या भावाचं, ऑरिनचं. दोघांनीही जन्म कागदाच्या गिरणीत काढला. लेलँड तिथली मोजमापाची यंत्रं सांभाळायचा आणि ऑरिन मोठ्या मशिनवर राबायचा. लेलँडला मनातलं बोलणं म्हणजे दाढ उपटून घेण्यासारखं वाटे. त्याची बायको गेली तेव्हा चर्चमध्ये लोक भेटायला रांगेनं उभे होते, आणि हा बाबा प्रत्येकाला एवढंच विचारत होता, "येताना रस्त्यावर बर्फ होता का?" मला तेव्हाच त्याला गदागदा हलवावंसं वाटलं होतं.

ऑरिनचं उलट. त्याच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं.

नाताळचे दिवे आमच्या विस्कॉन्सिनात कोण लावत नाही? पण या दोघांचं प्रकरण वेगळं होतं. हरणांच्या शिकारीचा आठवडा आला की गावातले सगळे पुरुष बंदुका घेऊन जंगलात, आणि हे दोघे छपरावर. म्हणजे ऑरिन छपरावर. लेलँडला उंचावर गरगरायचं, म्हणून तो खाली रस्त्यात, गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडून उभा असायचा.

त्या लॅपटॉपात दोन्ही घरं होती. रस्त्यातून काढलेल्या फोटोवर लेलँडनं छपराची प्रत्येक कड ठिपक्याठिपक्यांनी आखली होती. माळ कुठून सुरू होते, कुठल्या कोपऱ्याला वळते, कुठे संपते, सगळं त्यात सांगावं लागे. सुरुवातीचं टोक चुकीचं सांगितलं की प्रकाश भलतीकडून धावत यायचा. मग गाणं घ्यायचं. कानाला हेडफोन लावून तो प्रत्येक ठोक्याला बटण दाबून खूण करी, आणि त्या खुणांवर कुठला दिवा कधी आणि कुठल्या रंगात पेटायचा ते मांडत बसे. एकेका गाण्यात महिना जायचा. उन्हाळ्यात लोक तळ्यावर मासे धरायला जायचे तेव्हा हा स्वयंपाकघरात बसून नाताळची गाणी ऐकत असायचा.

"धुराड्याजवळचा एक पेटत नाहीये," तो खालून ओरडायचा.

"मग तूच वर ये आणि त्याला समजाव," ऑरिन शिडीवरून.

"माळ उलटी लावलीयेस तू."

"मी? तुझं डोकंच आईनं उलटं लावलंय. ती बघ गाडीत बसलीये, विचार तिला."

आणि त्यांची आई, एल्फ्रीडा, मांडीवर गोधडी घेऊन गाडीत बसल्या बसल्या खुदुखुदु हसायची. तिचे दोन्ही मुलगे साठीच्या पुढचे होते तेव्हा.

दोन्ही घरांचं गाणं एकच असायचं. प्रकाश लेलँडच्या वळचणीवरून पळत शेवटच्या कोपऱ्यापर्यंत जायचा, तिथे विझायचा, आणि पुढच्या ठोक्याला रस्त्यापलीकडे ऑरिनच्या पन्हळीवर उगवायचा. एक घर विचारतंय आणि दुसरं उत्तर देतंय असं वाटायचं. आजूबाजूच्या गावांतून गाड्या यायच्या. पुढचे दिवे मालवून, लेलँडच्या छोट्या यंत्रावरून येणारं ते गाणं रेडिओवर लावून रांगेत थांबायच्या, आणि आतली सगळी माणसं एकदम या बाजूला मान वळवायची, मग एकदम त्या बाजूला. मला त्या गर्दीचा वैताग यायचा, स्वतःच्या अंगणात गाडी घालायची सोय नाही. तरी मी खिडकीशी उभी राहायचेच.

मग ते वर्ष आलं. एल्फ्रीडा म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये होती आणि तिचं फारसं काही उरलं नव्हतं. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा शुक्रवार, म्हणजे दिव्यांची पहिली संध्याकाळ. ऑरिन आईजवळ बसला होता. मी लेलँडला सफरचंदाचं गरम सायडर द्यायला गेले होते तेव्हाच 'लगेच ये' असा ऑरिनचा फोन आला, म्हणून सगळं माझ्या कानांनी ऐकलंय.

"हो रे," लेलँड म्हणाला, "पण गाड्या पार कोपऱ्यापर्यंत लागल्यात. एवढं एक गाणं होऊ दे, निघतोच."

त्या एका गाण्यात दिवे चालवणाऱ्या एका डब्यानं दगा दिला, अर्धी माळ लाल होऊन अडकून बसली. ती नीट करता करता दुसरं गाणं गेलं, तिसरं गेलं. मी म्हटलं, "अरे जा की, नॉर्बर्ट बघेल इथलं." नॉर्बर्ट म्हणजे माझा नवरा. लेलँड "हो, हो" म्हणत राहिला. तो पोचला तोवर म्हातारी गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑरिननं स्वतःच्या छपरावरच्या सगळ्या माळा ओरबाडून काढल्या, कवेत घेऊन रस्ता ओलांडला आणि लेलँडच्या अंगणातल्या बर्फात टाकल्या.

"आई विचारत होती, लेलँड कुठे राहिला म्हणून," तो म्हणाला. "काय सांगायचं होतं मी तिला? गाणं वाजवतोय?"

लेलँड दारात उभा. मला वाटलं, आता तरी बोलेल, रडेल, पाया पडेल भावाच्या.

"रस्ता फार निसरडा होता," तो म्हणाला.

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. शुक्रवारी मासे खायला सगळा गाव एकाच हॉटेलात जमतो. तिथे एक दाराशी बसे, दुसरा पार भिंतीशी.

पुढच्या वर्षी लेलँडच्या छपरावर नॉर्बर्ट चढला. मी त्यांच्यासाठी जेवण घेऊन गेले तर लेलँडच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि पडद्यावर दोन्ही घरं. ऑरिनचं छप्पर ठिपक्यांनी झगमगत होतं, लेलँडचा कोपरा विझला की ते पेटत होतं.

"हे काय?" मी विचारलं. "समोर एक दिवा नाहीये आता. पुसून टाक ना ते घर, नाहीतर गाणं अर्धंच दिसेल."

"असू दे."

"अरे, लोकांना वाटेल बिघडलंय."

"वाटू दे." मग पडद्याकडे बघतच म्हणाला, "त्याची जागा आहे ती. ठेवलीय मी. ही सगळी गाणी तो शिडीवरून माझ्याबरोबर शिकलाय, बर्निस. कुठे कुणाची पाळी येते ते त्याला पाठ आहे. त्याला कळेल."

"तोंडानं सांग ना, चुकलं म्हणून. रस्ता ओलांडायचाय फक्त."

"रोज संध्याकाळी सांगतोच आहे की."

डोक्यात तिडीक गेली माझ्या. पण खरं सांगते, कीवही आली. हा माणूस दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलूच शकत नव्हता.

तर असं चाललं. प्रकाश कोपऱ्यापर्यंत पळायचा, विझायचा, आणि मग काही नाही. काळोख. रेडिओवर गाणं चालू आणि समोर ऑरिनचं काळं घर. मग पुन्हा लेलँडचं छप्पर पेटायचं. वर्षामागून वर्षं, प्रत्येक गाण्यात. सगळ्या गाड्यांमधल्या माना सवयीनं ऑरिनच्या घराकडे वळायच्या आणि काही न दिसता परत यायच्या. लोक खिडकीची काच खाली करून लेलँडला सांगायचे, "बाबा, तुझी एक बाजू गेलीये." तो मान डोलवायचा.

गेल्या शरद ऋतूत ऑरिनची फुप्फुसं पार गेली. नळी लावून ऑक्सिजन, आठवड्यातून दोनदा नर्स. बर्फ पडायला लागला तेव्हा लेलँडनं मला कुंपणापाशी गाठलं. त्याचा चेहरा इतका उजळलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"पलंग पुढच्या खोलीत आणलाय त्यानं," तो म्हणाला. "खिडकीला लागून."

"त्याला जिना चढवत नाही म्हणून आणलाय, बाबा."

"बघतोय तो."

माझं म्हणणं त्यानं ऐकलंच नाही. घरात गेला आणि सगळी गाणी नव्यानं मांडायला बसला. ऑरिनची पाळी त्यानं लांबवली. दुपटीनं, तिपटीनं. त्या वेळात स्वतःच्या घरावरचं सगळं विझवलं, झुडपांवरचे, दारावरचा हार, अगदी अंगणातला तारासुद्धा, म्हणजे भावाच्या पाळीत दुसरं कुणी मध्ये बोलायला नको. सगळा रस्ता काळाठिक्कर व्हायचा. आता लोक नुसती मान वळवून गप्प बसेनात. कुणी हॉर्न वाजवी, पोरं ओरडत, "लाईट गेली का रे?" आणि नजरा सगळ्या ऑरिनच्या खिडकीवर.

त्याच आठवड्यात ऑरिनची बायको मार्सेला माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. कोटही काढला नाही तिनं.

"त्याला सांग, बंद कर म्हणून," ती म्हणाली. "ऑरिन भिंतीकडे तोंड करून पडतो. मी खिडकीवर ब्लँकेट लावलंय, तरी हॉर्न ऐकू येतातच."

मी ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश घेऊन ऑरिनकडे गेले. केवढासा झाला होता तो. दोन शब्दांमागे एक श्वास घेत होता.

"मी आईपायी त्याला बोललो," तो म्हणाला. "बरोबरच बोललो. पण हा सूड किती वर्षं घ्यायचा? रोज गावाला बोलावतो आणि माझं घर अंधारात उभं करून दाखवतो. बघा, याच्याकडे काही नाही. आता मरतोय तर आणखी जास्त वेळ दाखवतो."

हे असंही दिसू शकतं हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं, पडद्यावर त्याचं छप्पर कसं अजून पेटतं, ती जागा त्याची म्हणून कशी राखलीये. तो ऐकत होता. मध्येच हसायला गेला आणि खोकत राहिला.

"मला दार आहे, बर्निस," तो म्हणाला. "वाजवायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी मी लेलँडकडे गेले आणि ऑरिन जे बोलला ते शब्दाला शब्द सांगितलं. सौम्य वगैरे काही केलं नाही, तो माझा स्वभाव नाही. तो खाली बसला. हात टेबलावर, पालथे.

"तो असं समजला?"

"काय समजणार मग? चल. कोट घाल, मी येते बरोबर."

"आज संध्याकाळी ते असं लागता कामा नये."

"मग बंद कर. एक बटण आहे."

"नुसतं बंद केलं तर त्याला वाटेल मी चिडलो." त्यानं लॅपटॉप ओढला. "त्याचं घर काढून टाकतो सगळ्या गाण्यांतून. तेवढी जागा माझ्या छपरावर भरतो, म्हणजे कुणी तिकडे बघणारच नाही. मग जातो. रिकाम्या हातानं जाऊन काय बोलू मी?"

"अरे, देवानं तोंड दिलंय तुला."

"आजच्या आज करतो. एवढंच करून जातो."

त्यानं हेडफोन चढवला. मला इतका संताप आला की मी दार आपटून बाहेर पडले. त्या दिवशी चर्चच्या स्वयंपाकघरात माझी पाळी होती, तिकडे गेले आणि दुपारभर कुणाशी धड बोलले नाही.

परत आले तेव्हा अंधारून आलं होतं आणि आमचा रस्ता गाड्यांनी भरलेला. गाडी पार मागच्या गल्लीत लावून मी चालत आले. लेलँडचं छप्पर झळझळत होतं. प्रकाश कोपऱ्यापर्यंत जायचा आणि न विझता वळून परत यायचा, मग झुडपांवर, मग दारावर, क्षणभर खंड नाही. एका गाडीतला माणूस टाळ्या वाजवत म्हणाला, "झालं बुवा एकदाचं दुरुस्त." सगळ्या माना एकाच बाजूला. ऑरिनच्या घराकडे कुणी बघत नव्हतं.

घरात पाऊल टाकते तोच फोन वाजला. मार्सेला होती.

"बर्निस, त्या गाड्या हलवायला सांग कुणाला तरी," ती म्हणाली. "त्याला न्यायला गाडी आलीये आणि ती रांगेत अडकलीये. त्यांना आत येता येत नाहीये." मग दुपारी काय काय झालं ते तिनं सांगितलं.

लेलँड अंगणात उभा होता, चांगला कोट घातलेला, दाढी केलेली. हेडफोन गळ्यातच राहिला होता. समोरच्या खिडकीकडे बघत होता.

"आता निघालोच होतो," तो म्हणाला. "आज कुठेही अंधार नाही. बघितलं का गं त्यानं?"

"दिवे बंद कर, लेलँड. ऑरिन गेला."

"कधी?"

"दुपारी."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मार्सेला सारखी फोन लावत होती तुला. ऑरिननंच लावायला सांगितला होता. त्याला तुझ्याशी बोलायचं होतं. इथे वाजत राहिला असेल."

त्याचा हात गळ्यातल्या हेडफोनकडे गेला आणि तिथेच थांबला. काही बोलला नाही तो. रस्त्याचं नाही, बर्फाचं नाही, काहीच नाही. वळून घरात गेला आणि बटण बंद केलं.

गाड्या हलल्याच नाहीत. त्यांना वाटलं, पुढचं गाणं सुरू व्हायचंय. शेवटी मीच एकेका गाडीच्या काचेवर टकटक करत रांगेच्या टोकापर्यंत सांगत गेले, आता काही लागायचं नाही, घरी जा.